पायाची आग

कुठलाही जोडा मी आधी आतून वाचतो.
फिदेन्सिओ बेकरीवाल्याचा डावा पाय
दिव्याखाली धरला, तेव्हा अस्तरावर
मसुराच्या डाळीएवढा तपकिरी डाग होता
आणि डागाच्या मधोमध खळगा,
एका चिमुकल्या पाठीचा.

लेओन शहरात गल्लीगल्लीला कातड्याचा वास.
एकोणचाळीस वर्षं झाली शिवतोय.
कोण कुठल्या टाचेवर रेलतो,
कोण बायकोला न सांगता नाचायला जातो,
तळ मला सगळं सांगतात.
हा तळ म्हणत होता,
धन्याला पत्ताच नव्हता.

पाच जानेवारीची रात्र होती.
पोरं जोडे मांडून झोपतात,
तिन्ही राजे येतात, खेळणी ठेवून जातात.
बेकरीत मात्र कुणाचा डोळा लागत नाही.
कड्यासारखा गोल पाव, वर पाकात मुरलेली फळं,
आणि पोटात दडवलेलं बाळ, बोटाच्या पेराएवढं.
ज्याच्या फोडीत बाळ निघेल
त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खिलवायचे.

सहा वर्षांच्या सित्लालीला वाटलं,
आजोबांच्या जोड्यात राजे कधीच काही ठेवत नाहीत.

तिने ठेवलं.

पहाटे तीनला त्याने अंधारातच जोडे चढवले.
भट्टी ते फळी, फळी ते गल्ला, पंधरा तास.
बाळ त्याच्या अंगठ्याखाली चिरडत होतं
आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हसून विचारत होता,
बाळ कुणाच्या वाट्याला येतंय यंदा?

पायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
त्याची आग घोट्यापाशीच वाट चुकली.
साखरेने वर्षानुवर्षं वाट कुरतडलेली,
वर मस्तक आपलं पाव मोजत बसलेलं.

संध्याकाळी एर्मेलिंदाने मोजा ओढला.
मोजा निघेना.

अंगठा गेला. पाय राहिला.
मे महिन्यात दोघं माझ्या दुकानात आली.
पायांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं
एर्मेलिंदा मला ऐकवत होती, त्याला ऐकू जावं म्हणून:
पाणी कोपराने बघायचं. पायाची साक्ष आता चालत नाही.
मलम टाचेच्या भेगांना,
बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे पुसून कोरडं.
अनवाणी? न्हाणीपासून पलंगापर्यंतसुद्धा नाही.
रोज रात्री आरसा खाली ठेवून तळवा बघायचा.
"माझं तोंड इतकं कधी बघितलं नाहीस,"
फिदेन्सिओ म्हणाला.
"तोंड बोलतं," ती म्हणाली. "जरा जास्तच."

मी जोड शिवला.
पुढून रुंद, आत एकही टाका टोचणार नाही असा,
अंगठ्याच्या रिकाम्या जागी मऊ गादी,
आणि अस्तर पांढरं.
पांढरं का, त्याने विचारलं नाही.
एवढंच म्हणाला, "जोडा कसला, होडी आहे ही."
पैसे देताना मात्र दोन पाव जास्तीचे ठेवून गेला.

पोरीला कुणी काही बोललं नव्हतं.
पण दाराशी ती स्वतःचे जोडेसुद्धा ठेवेना,
बगलेत धरून झोपायची.
मग एर्मेलिंदानेच तिला काम लावलं.

परवा पाव आणायला गेलो, तर बघितलं.
आजोबा स्टुलावर, मोजा घालून बसलेले, वाट बघत.
सित्लालीने जोडा आधी उलटा झटकला,
मग कोपरापर्यंत हात आत घातला.
मोठ्या माणसाचा हात चवड्यापाशी अडतो,
तिचा टोकापर्यंत पोचतो.
डोळे मिटून चाचपत होती,
मी कातडं चाचपतो तशी.

"थांबा," ती म्हणाली.
बोटाच्या टोकावर एक तीळ.

"हा टोचला असता?" मी विचारलं.
"मला टोचला," ती म्हणाली,
आणि दुसरा जोडा उचलला.